बंद पेट्रोल पंपाखालच्या कातळात मुरलेलं इंधन : भूजल साफ करायची सुरुवात कुठून करावी?

पाझर

नमस्कार मंडळी. पुण्यात मध्यवस्तीत एका बंद झालेल्या पेट्रोल पंपाच्या जागेवर पुनर्विकास व्हायचा आहे. तिथलं भूजल साफ करायचं काम आमच्या गटाकडे आलंय. हातात असलेली माहिती अशी :

तीन टाक्या होत्या, दोन पेट्रोलच्या आणि एक डिझेलची. त्या उकरून काढल्या तेव्हा पेट्रोलच्या एका पाइपचा सांधा गंजून गेलेला दिसला. वर दीड मीटर भराव, मग सहा मीटरपर्यंत मुरूम, त्याखाली फुटका बेसॉल्ट, १४ मीटरवर तांबड्या बोलचा (दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातकट खडकाचा) थर आणि त्याखाली घट्ट काळा खडक. आवारात १५ मीटर खोलीच्या चार निरीक्षण विहिरी घेतल्यात. मे महिन्यात पाणी ९.५ मीटरवर होतं आणि दोन नंबरच्या विहिरीत पाण्यावर ३८ सेंमी पेट्रोल होतं. ऑगस्टमध्ये पाणी ४ मीटरवर आलं आणि त्याच विहिरीत नुसता तवंग उरला.

शेजारच्या सोसायटीची ६० मीटर अंतरावर ९० मीटर खोल बोअर आहे. ती रोज चालते, आणि आता पाण्याला वास येऊ लागलाय. सोसायटीला दोन मजली तळघरात पार्किंग आहे.

एका पुरवठादाराने योजना दिलीय : विहिरींतून पाणी उपसायचं, कार्बन फिल्टरमधून काढून नाल्यात सोडायचं, वरून जिवाणूंची पावडर टाकायची, सहा महिन्यांत जागा मोकळी. ऑगस्टचा आकडा बघून विकासकाचं म्हणणं असं की बहुतेक पेट्रोल पावसात वाहून गेलं. कामाचा क्रम काय लावावा?

---

कातळ

आधी ऑगस्टच्या आकड्याबद्दल, कारण त्यावरून मोठा चुकीचा निर्णय होईल. पेट्रोल कुठेही वाहून गेलेलं नाही. पावसाळ्यात पातळी साडेपाच मीटर चढली. चढताना पाण्याने पेट्रोल वर ढकललं आणि त्यातलं बरंचसं भेगांत आणि मुरमाच्या छिद्रांत थेंबाथेंबाने पाण्याखालीच कोंडलं गेलं. विहिरीत उतरायला ते सलग असावं लागतं, तुटक थेंब जागचे हलत नाहीत. पावसाळ्यानंतर पातळी उतरत गेली की ते पुन्हा जोडलं जाईल आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीत परत दिसेल. म्हणजे ४ ते ९.५ मीटर हा सगळा पट्टा पेट्रोलने माखलेला आहे असं धरूनच चाला. सुट्टं तेल, म्हणजे पाण्यावर तरंगणारं पेट्रोल, काढायचा खरा हंगाम मार्च ते जूनचा पहिला आठवडा. यंत्रणा त्या बेताने उभी राहिली पाहिजे. जुलैत सुरू केलीत तर महिनोन् महिने नुसतं पाणी उपसत बसाल.

दुसरं, ३८ सेंमीवरून किती लिटर सांडलं याचा हिशोब मांडू नका. वाळूसाठीची सूत्रं इथे लावली तर आकडा कुठच्या कुठे जातो. समजा तेल ३०० चौरस मीटरवर पसरलंय. २५ टक्के सच्छिद्रता धरली तर २८,५०० लिटर येतात. फुटक्या बेसॉल्टच्या भेगांची सच्छिद्रता १ टक्का धरली तर तेच १,१४० लिटर होतात. खरं उत्तर विहिरीतल्या जाडीत नाही. विहिरीतलं तेल उपसून ते किती वेगाने परत भरतं हे मोजा : पहिला तास दर पाच मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाने, दुसऱ्या दिवशी परत. त्यातून तेलाची वहनक्षमता, म्हणजे थरातून तेल किती सहज वाहतं याचं माप, काढता येते. ती दिवसाला ०.०१ ते ०.०७ चौरस मीटरच्या खाली असेल तर नुसत्या उपशाने फारसं हाती लागणार नाही.

पातळीचे नकाशे काढताना तेलाच्या वजनाची दुरुस्ती करा. तेल-पाण्याच्या सीमेच्या उंचीत जाडी गुणिले ०.७५ मिळवायचे, इथे २८.५ सेंमी. ही दुरुस्ती राहिली तर त्या विहिरीभोवती पाण्यात खड्डा दिसतो, प्रवाहाची दिशा फिरल्यासारखी वाटते आणि पुढच्या विहिरी भलतीकडे घेतल्या जातात.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट : सोसायटीची बोअर. आपल्याकडे बोअरला केसिंग (आधाराचा पाइप) घालतात ते मुरूम संपेपर्यंत, पुढे थोडं कातळात. खाली ९० मीटरपर्यंत उघडं भोक. १४ मीटरवरचा बोलचा थर तुमच्यासाठी झाकणाचं काम करत होता, पण त्या भोकाने तो भेदलाय. रोजच्या उपशाने वरच्या फुटक्या थरातलं विरघळलेलं पेट्रोल ती बोअर स्वतःकडे ओढते आणि खालच्या भेगांना वाटते. पहिलं काम म्हणून ती बंद झाली पाहिजे, आणि जागेच्या मालकाने सोसायटीला पर्यायी पाणी दिलं पाहिजे. लोकांना कोरडं ठेवून बोअर बंद करता येत नाही. रात्री ती गुपचूप चालू होते आणि तुमची सगळी मोजमापं बिघडतात. १५० मीटरच्या परिघातल्या इतर बोअरही शोधा, विशेषतः वापरात नसलेल्या, फरशीखाली गेलेल्या. जुन्या वाड्यांतल्या विहिरी आणि हौदही बघा.

तुमच्या स्वतःच्या विहिरी १५ मीटर आहेत, बोल १४ वर. म्हणजे त्यांनीही तो थर फोडलाय. शेवटचा दीड-दोन मीटर भाग बेंटोनाइटच्या (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या) गोळ्यांनी भरून घ्या. नव्या विहिरी १३ मीटरला थांबवा.

---

ज्वलनसीमा

कातळ यांनी पाण्याचं सांगितलंय. मला तळघराची काळजी जास्त वाटते, आणि ते काम बोअरच्याही आधीचं, आजचं आहे.

पेट्रोलची वाफ हवेच्या तीन ते चार पट जड. हवेत १.४ टक्के झाली की पेट घेते, हीच तिची ज्वलनसीमा. ती जमते लिफ्टच्या खड्ड्यात, पाणी उपसायच्या संपमध्ये, एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रियेच्या) टाकीत, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये. पार्किंगमध्ये छातीच्या उंचीवर मीटर धरून 'शून्य आलं' म्हणण्याला काही अर्थ नाही. नळी खाली सोडून तळापासून १५ सेंमीवर मोजा, आणि पहाटे मोजा, कारण दिवसा गाड्यांच्या ये-जा आणि पंख्यांनी हवा हलते.

मीटरबद्दल दोन गोष्टी. मिथेनवर जुळवलेला उत्प्रेरक सेन्सर पेट्रोलच्या वाफेला खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो, म्हणून पेंटेनवर जुळवून घ्या. आणि त्या सेन्सरला चालायला ऑक्सिजन लागतो. विहिरीच्या तोंडाशी किंवा मातीतल्या हवेत ऑक्सिजन जिवाणूंनी खाल्लेला असतो, तिथे काटा खाली राहतो आणि आत मात्र वाफ भरलेली असते. ऑक्सिजनचा आकडा शेजारी वाचल्याशिवाय ज्वलनसीमेचा आकडा लिहूच नका. ज्वलनसीमेच्या १० टक्क्यांना काम थांबवायचं आणि लोकांना वर काढायचं, ही रेषा सगळ्यांना तोंडपाठ हवी.

संपमधला साधा पंप आणि त्याचा फ्लोट स्विच ही ठिणगीची हमखास जागा. तो बदलून ज्वालारोधक घ्या, निदान स्विच वरच्या मजल्यावर न्या. पंख्याची मोटर वाफेच्या वाटेत नको, आणि हवा खालून ओढली गेली पाहिजे.

ड्रेनेज लाइन जरूर तपासा. पाइपभोवतीची भरावाची खडी ही वाफेला आणि तेलाला मोकळी वाट असते. मेक्सिकोत ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी सांडपाण्याच्या वाहिनीत साठलेल्या पेट्रोलचे स्फोट झाले. किलोमीटरच्या किलोमीटर रस्ते उखडले गेले आणि २०० हून अधिक माणसं गेली. जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा नळ पेट्रोलच्या लोखंडी वाहिनीला लागून होता, दमट मातीत तिथे विद्युत-रासायनिक गंज चढला आणि भोक पडलं. त्याआधी काही दिवस लोक वासाच्या तक्रारी करत होते. तुमच्या सोसायटीतली वासाची तक्रार तारीख, वेळ आणि जागेसह नोंदवहीत चढली पाहिजे.

महापालिकेचं अग्निशमन दल, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पेट्रोलियमच्या साठवणीचे परवाने देणारी पेसो, तिघांनाही लेखी कळवा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केलेत. दूषणाला जबाबदार असणाऱ्याने खर्च उचलायचा हे त्यात आहे. आत्ताच कागद झाले तर पुढे वाद कमी होतील.

---

पाझर

दोघांचे मनापासून आभार. तळघराचं मोजमाप उद्या पहाटे लावतो, बोअरबद्दल सोसायटीच्या समितीशी आजच बोलणं झालं. आता यंत्रणेचं विचारतो. नुसता उपसा पुरेसा पडेलच असं नाही हे कळलं, मग काय घ्यावं? आणि जिवाणूंच्या पावडरीला काही आधार आहे का?

---

उपसा_प्रक्रिया

पावडरीचा निकाल एका हिशोबात लागतो. १ किलो पेट्रोल जिरवायला जिवाणूंना सव्वातीन किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो. १,००० लिटर पेट्रोल म्हणजे अंदाजे ७४० किलो, म्हणजे जवळपास २,४०० किलो ऑक्सिजन. हवेने भरलेल्या १ घनमीटर पाण्यात ऑक्सिजन असतो फक्त ८ ग्रॅम. त्या वाटेने गेलात तर तीन लाख घनमीटर पाणी फिरवावं लागेल. तोच ऑक्सिजन साडेआठ-नऊ हजार घनमीटर हवेत मिळतो. पेट्रोल खाणारे जिवाणू तिथे आधीपासून आहेत, पिढ्यान् पिढ्या वाढलेले. कमी आहे ती हवा. बाहेरून आणलेले जिवाणू त्याच हवेवाचून मरतात. पैसे पावडरीत घालू नका, व्हॅक्यूम पंपात घाला.

म्हणून माझी शिफारस : विहिरीच्या तोंडाला व्हॅक्यूम आणि त्याच विहिरीत खाली हवेवर चालणारा पंप, दोन्ही एकत्र. पंप पाणी आणि तेल उचलतो, पातळी थोडी खाली ठेवतो, उघड्या पडलेल्या माखलेल्या पट्ट्यातून व्हॅक्यूम वाफ ओढतो आणि वरून ताजी हवा आत येते. एकाच नळीने सगळं ओढायची सोपी पद्धत असते, पण पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथे सैद्धांतिक शोषण-उंचीच ९.७ मीटरच्या आत येते आणि व्यवहारात सात-सव्वासात मिळते. तुमचं उन्हाळी पाणी ९.५ वर. नळीतून हवेसोबत थेंब उडवून आणता येतात, पण बरोबर मेच्या महिन्यात, जेव्हा तेल निघायला हवं तेव्हाच, ती यंत्रणा दमते.

पंपाचं तोंड उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पातळीखाली एक मीटर, त्याहून खोल नको. जास्त पाणी मिळतं म्हणून पंप १२ मीटरवर सोडला तर सुट्टं पेट्रोलही पाण्यामागे खाली उतरेल आणि आजवर कोरा राहिलेला खडक माखून घ्याल. विजेचा सबमर्सिबल वापरू नका. ठिणगीचा प्रश्न आहेच, शिवाय त्याचा पंखा तेल आणि पाणी घुसळून दुधासारखं एकजीव करतो आणि मग ते तेल-पाणी वेगळं करणाऱ्या विभाजकात सुटत नाही.

आधी एक-दोन दिवसांची चाचणी घ्या. एका विहिरीला व्हॅक्यूम लावून बाकीच्या विहिरींच्या तोंडाशी दाब बघा. पाण्याच्या स्तंभात २.५ मिमी इतका फरक दिसला तरी तिथवर हवा हलते असं धरता येतं. कातळात हा परिणाम गोल पसरत नाही, भेगांच्या दिशेने लांब जातो आणि आडवा पाच मीटरवरही मिळत नाही. कागदावर दहा मीटर त्रिज्येची वर्तुळं काढून विहिरी वाटणारा आराखडा कोणी दिला तर परत पाठवा. खालून हवा फुंकायची पद्धत इथे करूच नये. फुंकलेली हवा भेगांतून कुठे निघेल यावर ताबा नसतो, आणि शेजारी दोन मजली तळघर आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दलही तेच. सुट्टं पेट्रोल असलेल्या जागी त्याने उष्णता आणि वायू दोन्ही तयार होतात.

वर आलेल्या पाण्याची वाट अशी : विभाजक टाकी, मग लोह काढायची टाकी, मग हवेने वाफ काढणारा स्ट्रिपर, शेवटी एकामागे एक दोन कार्बन टाक्या. मधली लोहाची टाकी पुरवठादार हमखास गाळतात आणि यंत्रणा तिथेच मार खाते. पेट्रोलखालच्या पाण्यात ऑक्सिजन संपलेला असतो, म्हणून खडकातलं लोह विरघळून येतं. वर हवा लागली की त्याचा नारिंगी गाळ होतो, स्ट्रिपरचे ट्रे बुजतात आणि कार्बनवर लेप बसतो. त्यात आपलं पाणी कठीण. स्ट्रिपरमध्ये कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि चुनखडी बसते. आधी हवा देऊन, किमान दोन तास निवांत बसवून, मग वाळूच्या गाळणीतून पाणी पुढे सोडा. पहिल्याच आठवड्यात पाण्याचं लोह, कठीणपणा आणि क्षारता तपासून घ्या. स्ट्रिपर उघडून धुता येईल असाच घ्या, बंद खांबाचा नको.

कार्बनचा आकार : तासाला १,००० लिटर पाण्याला १५ मिनिटांचा संपर्क हवा तर प्रत्येक टाकीत २५० लिटर, म्हणजे १२० किलोच्या आसपास. पहिल्या टाकीच्या बाहेर बेंझिन (पेट्रोलमधला विषारी घटक) दिसलं की दुसरी पहिल्या जागी आणायची आणि नवा कार्बन मागे. दोन्हींच्या मध्ये नमुन्याचा नळ नसेल तर हे कळणारच नाही.

वाफेचा कार्बन वेगळा, आणि सुरुवातीला खर्चाचं भोक तिथे पडतं. तासाला १०० घनमीटर हवा, घनमीटरला १० ग्रॅम वाफ, म्हणजे दिवसाला २४ किलो पेट्रोल. कार्बन स्वतःच्या वजनाच्या १० ते २० टक्के धरतो, तेव्हा रोज १२० ते २४० किलो कार्बन. हवा दमट असेल तर आणखी. म्हणून पहिले काही महिने उत्प्रेरक ज्वलनयंत्र भाड्याने घ्या, वाफ ओसरली की कार्बनवर या. घनमीटरला १० ग्रॅम ही ज्वलनसीमेच्या साधारण एक चतुर्थांश पातळी आहे. तिथेच बाहेरची हवा मिसळून पातळ करायची झडप आपोआप उघडली पाहिजे.

नाल्यात सोडायचं तर मंडळाच्या संमतीशिवाय एक थेंबही नको. तेल आणि ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा नदी-नाल्यासाठी लिटरला १० मिग्रॅ आणि सार्वजनिक मलवाहिनीसाठी २० आहे. संमतीपत्रात बेंझिनची वेगळी अट घालतील ती पाळावी लागेल. वापरलेला कार्बन आणि विभाजकातला गाळ हा घातक कचरा. तो २०१६ च्या नियमांनुसार, मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह), रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रात गेला पाहिजे.

---

पायाखोदाई

मला हे सगळं लांबण लावल्यासारखं वाटतं. पुनर्विकासात दोन तळघरं होणारच असतील, म्हणजे सात मीटर खोदाई. दूषित मुरूम उचला, खड्ड्यातलं पाणी काढा, संपलं. वर्षानुवर्षं यंत्रं कशाला चालवायची?

---

कातळ

मुरूम उचलण्याला माझा पाठिंबा आहे. टाक्यांच्या खड्ड्याभोवतीचा सहा मीटरपर्यंतचा भाग खोदून काढण्याइतकं स्वस्त आणि पक्कं काम दुसरं नाही. पण माखलेला पट्टा ४ ते ९.५ मीटर आहे. सात मीटरवर थांबलात तर खालचे अडीच मीटर, तेही भेगांतले, इमारतीखाली कायमचे राहतील आणि वर रॅफ्ट (पायाचा सलग काँक्रीटचा थर) आल्यावर तिथे विहीर घ्यायलाही जागा उरणार नाही.

आणि खड्ड्यातलं पाणी काढणं ही इथली सगळ्यात धोक्याची पायरी आहे. पावसाळ्यानंतर पाणी ४ मीटरवर, खड्डा ७ चा. चारी बाजूंचं पाणी खड्ड्याकडे धावेल, सोबत पेट्रोल येईल, आणि साध्या डिवॉटरिंग पंपांनी ते पावसाळी गटारात जाईल. खडक फोडायला हायड्रॉलिक ब्रेकर लागेल, तो पेट्रोलने भिजलेल्या कातळावर ठिणग्या पाडेल. म्हणून क्रम असा : एक पूर्ण उन्हाळा वाफ आणि सुट्टं तेल काढायचं, मग एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वांत खाली असताना खोदाई, ब्रेकरवर सतत पाण्याची फवारणी आणि खड्ड्याच्या तळाशी मीटर. खोदाई संपल्यावर रॅफ्टच्या खाली खडीचा थर, त्यात आडव्या छिद्रांच्या नळ्या, वर वाफरोधक पडदा आणि नळ्यांचं तोंड गच्चीपर्यंत. हे बांधकामाच्या नकाशात आत्ताच घाला. नंतर घालता येत नाही.

नव्या विहिरींबद्दल एक राहिलं. बोअरच्या गाडीने थेट मारू नका. कॉम्प्रेसरची हवा वाफेला भेगांतून शेजारच्या तळघरात ढकलते, आणि कॉम्प्रेसरचं तेल नमुन्यात येतं ते वेगळंच. एनएक्स (ठरावीक मापाचा) खडकाचा गाभा काढा, हिऱ्याच्या बिटने, पाणी वापरून. गाभ्यात भेगा कुठे आहेत, कुठल्या काळ्या-तपकिरी डागाळलेल्या आहेत, कुठे वास आहे, हे डोळ्यांनी दिसतं. मग भोक मोठं करून १०० मिमीची यूपीव्हीसी, चाळणी ३ मीटरपासून तळापर्यंत, म्हणजे पावसाळी पातळीही चाळणीतच येईल. चाळणी पाण्याखाली राहिली तर तरंगणारं पेट्रोल विहिरीत येतच नाही आणि विहीर 'स्वच्छ' दिसते. भोवती २ ते ४ मिमी खडी, वर मीटरभर बेंटोनाइट. पाइप आट्यांचेच जोडा, सोल्युशन लावू नका.

---

नमुनाघर

सोल्युशनबद्दल कातळ यांनी सांगितलं ते फार महत्त्वाचं. त्यातले द्रावक प्रयोगशाळेच्या आलेखात महिनोन् महिने दिसत राहतात.

नमुन्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ बाटलीत होतो. बेंझिनसाठी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत आणलेला नमुना टाकून द्यावा लागतो. ४० मिलीच्या काचेच्या कुप्या, टेफ्लॉनची चकती, आत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब, पीएच २ च्या खाली. काठोकाठ भरायची, उलटी करून टिचकी मारायची, मटाराएवढाही बुडबुडा दिसला तर नवी कुपी. बर्फात ४ अंशांना, १४ दिवसांच्या आत तपासणी. भरताना पंप मिनिटाला १०० ते ५०० मिलीच, आणि पाण्याचा ऑक्सिजन, पीएच, विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच. बेलरने (दोरीने विहिरीत सोडायच्या नळीने) काढून धबाधबा ओतलेल्या पाण्यातून अर्धं बेंझिन हवेत जातं. आपल्या कठीण पाण्यात आम्ल घातल्यावर फेस आला तर आम्लाविना भरा आणि ७ दिवसांत तपासून घ्या.

ज्या विहिरीत तेल तरंगतंय तिथला पाण्याचा नमुना घेऊ नका. ताज्या पेट्रोलमध्ये बेंझिन आकारमानाने १ टक्क्याच्या आत असतं, आणि पाणी त्याच्याशी संतृप्त झालं तरी लिटरला २०-२५ मिग्रॅपलीकडे जात नाही. याहून मोठा आकडा अहवालात आला तर नमुन्यात तेलाचा थेंब उतरला असं समजा. तुलनेसाठी, जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची बेंझिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिग्रॅ आहे. म्हणजे वास न येणारं पाणीही पिण्यालायक आहे असं नव्हे. बेंझिनचा वास जिभे-नाकाला कळतो तो या मर्यादेच्या कितीतरी वर.

यादीत बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन, झायलिन यांच्यासोबत एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळायचं एक रसायन) आणि इथेनॉल नक्की घाला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. जिवाणू ते आधी खातात, सगळा ऑक्सिजन त्यातच संपतो आणि बेंझिनचा पट्टा एरवीपेक्षा लांब जातो. मागे मिथेन तयार होतं, म्हणून तळघरात मिथेनही मोजा. एमटीबीई पाण्यात सहज विरघळतं आणि कार्बनवर नीट धरत नाही. सोसायटीच्या बोअरमध्ये ते बेंझिनच्या आधी पोचलेलं असेल. जोडीला नायट्रेट, सल्फेट, विरघळलेलं लोह आणि मिथेन. दूषित भागात नायट्रेट-सल्फेट घटलेलं आणि लोह-मिथेन वाढलेलं दिसलं तर जिवाणू कामाला लागलेत याचा तो पुरावा.

---

पाझर

चित्र स्पष्ट झालं. दोन शेवटचे प्रश्न. यंत्रणा कधी बंद करायची हे कसं ठरवायचं? आणि सोसायटीची ९० मीटरची बोअर कायमची बुजवायची तर नेमकी कशी?

---

उपसा_प्रक्रिया

बंद करण्याबद्दल : दिवसाला निघणारं वजन नोंदवा, किलोत, वाफ आणि द्रव वेगवेगळं. आलेख खाली येऊन सपाट झाला म्हणजे उपशाची मजल संपली. त्यावरून जागा स्वच्छ झाली असं ठरत नाही. यंत्रणा थांबवून तीन महिने वाट बघा. भेगांच्या भिंतींत आणि मुरमात मुरलेलं बेंझिन हळूहळू परत पाण्यात येतं आणि आकडे चढतात. चढले तर आठवड्यातून दोन दिवस चालू, पाच दिवस बंद अशी फेरी लावा. वाफेत पुन्हा चांगलं वजन मिळतं आणि विजेचं बिल निम्म्याहून खाली येतं. पुढे राहिलेलं तेल जमिनीतले जिवाणू स्वतः जिरवतात. अशा जागांवर मोजलेला वेग हेक्टरी वर्षाला काही हजारांपासून वीस-पंचवीस हजार लिटरपर्यंत जातो. तुमच्या यंत्राने त्याहून कमी निघत असेल तर यंत्र बंद करून निरीक्षणावर जाणं योग्य. मंडळापुढे निर्णय मांडताना किमान दोन पूर्ण जलवर्षांचे, मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर दोन्ही टोकांचे आकडे हवेत. नुसत्या पावसाळ्यानंतरच्या अहवालावर कोणी जागा मोकळी मागितली तर विरोध करा.

---

कातळ

बोअर बुजवायला आधी मोटर आणि पाइप बाहेर काढा. वर तेल तरंगत असेल तर ते पूर्ण काढून घ्या, नाहीतर ग्राउट (भोकात भरायचं सिमेंट-पाण्याचं मिश्रण) त्याला खालच्या भेगांत ढकलेल. कॅमेरा सोडून भेगा कुठे आहेत ते लिहून ठेवा. मग बंद करण्याआधी खालच्या भागातला एक नमुना घ्या, पॅकर (भोकात फुगून खालचा भाग वेगळा करणारं बूच) लावून, म्हणजे खाली किती पोचलंय ते कळेल.

१५० मिमी भोकात मीटरला १७.७ लिटर बसतात, ९० मीटरला जवळपास १,६०० लिटर. ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्यात २६ लिटर पाणी घातलं की ४२ लिटर ग्राउट होतं, म्हणजे ३८ पोती, आणि भेगांत जाणारं धरून ४५ ते ५० आणून ठेवा. आकुंचन कमी व्हावं म्हणून सिमेंटच्या ३ ते ५ टक्के बेंटोनाइट आधी पाण्यात भिजवून घाला आणि त्यापुरतं थोडं पाणी वाढवा. ग्राउट वरून ओतायचं नाही. ते पाण्यातून पडताना सुटतं आणि मध्ये पोकळ्या राहतात. ३२ किंवा ४० मिमीचा पाइप तळापर्यंत सोडून खालून भरत यायचं, पाइपचं तोंड कायम ग्राउटमध्ये बुडलेलं ठेवून. मोठ्या भेगेशी पातळी चढायची थांबली तर तेवढ्या भागात धुतलेली ६ ते १० मिमी खडी टाका, आणि वर पुन्हा ग्राउट. १२ ते १६ मीटरच्या टप्प्यात, बोलच्या वरखाली, घाई करू नका, तिथे पोकळी राहिली तर सगळं व्यर्थ. वर येणारं दूषित पाणी टँकरमध्ये घ्या, अंगणात नको. केसिंगच्या बाहेरून पाणी झिरपत असेल तर बोलच्या वरपर्यंतच भरून थांबा, केसिंग उपटून घ्या किंवा त्याला छिद्रं पाडा, आणि मग वरचा भाग भरा. २४ तासांनी पातळी बघा, एक-दोन मीटर खाली बसलेली असेल, तेवढी पुन्हा भरा.